निवायच्या खोलीतले मासे

आमच्या घरात अख्खं बिस्किट क्वचितच दिसायचं. दर शनिवारी बाबा कारखान्यातून तुकड्यांचा पुडा घेऊन यायचे. भट्टीतून काढताना, ट्रेवरून उतरवताना, डब्यात भरताना जे मोडायचं ते साहेबांपासून कामगारांपर्यंत सगळ्यांना वाटलं जायचं. आमच्या वाट्याचा पुडा आई ओट्यावर उलटा करायची आणि आधी वास घ्यायची. मोठे तुकडे चहासाठी, मधले आमच्या डब्यासाठी, आणि तळाचा चुरा तूप-गुळात परतून त्याचे लाडू. कलकत्त्यात भवानीपुरातल्या आमच्या दोन खोल्यांत आलेल्या प्रत्येक मराठी माणसाने ते लाडू खाल्ले आणि प्रत्येकाने विचारलं, बेसनाचे का रव्याचे? आई सांगायची, "आमच्या ह्यांच्या नोकरीचे." बाबांच्या शर्टाला भाजलेल्या पिठाचा वास असायचा, तो धुऊनही जात नसे. सकाळी शेजारच्या घरात पाट्यावर मोहरी वाटली जायची, खाली ट्राम वळताना रूळ करकरायचे, आणि त्या आवाजात बाबा डबा घेऊन जिना उतरायचे. त्यांच्या पावलांमागून दुसरी पावलं उतरू लागली ती माझी. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मी नापास झालो होतो, आणि घरी बसून काय करणार म्हणून बाबांनी मला शिकाऊ म्हणून आपल्याच कारखान्यात चिकटवलं होतं.

कारखाना शहराच्या दक्षिणेला, बजबजकडे जाणाऱ्या रेल्वेच्या कडेला होता. फार मोठा नव्हता. मोठ्या कारखान्यांत बिस्किटं पट्ट्यावरून फिरत फिरत थंड होतात. आमच्याकडे ट्रे लोखंडी गाड्यांवर रचून त्या गाड्या एका लांबट खोलीत उभ्या करायचे. ती निवायची खोली. छताला सहा पंखे, खिडक्यांना जाळ्या, आणि बाराही महिने भट्टीच्या तोंडाइतकाच उकाडा, कारण बिस्किटं आपली उष्णता सोडणार कुठे, तर आमच्या अंगावर. मला वाटलं होतं, या खोलीत शिकण्यासारखं काय असणार. गरम वस्तू ठेवून दिली की थंड होते, हे आईलाही ठाऊक आहे. पण जाड बिस्किट वरून थंड झालं तरी पोटात गरम असतं. तसंच डब्यात भरून झाकण लावलं तर आतली वाफ बाहेर निघायला वाट शोधते, झाकणाला घाम येतो, बिस्किट कडेने एक आणि मध्ये एक असं वेगवेगळं आक्रसतं आणि दोन-चार दिवसांनी त्याला केसासारखी चीर पडते. डबा भरताना काही दिसत नाही. उघडताना दिसतं, आणि उघडणारा कोणी दुसराच असतो.

हे मला हरेनदांनी शिकवलं. हरेनदा निवायच्या खोलीचे प्रमुख, म्हणजे त्या खोलीतले एकुलते एक माणूस. चाळिशीच्या अलीकडचे, किडकिडीत, खांद्यावर कायम गमछा. ट्रेमधलं मधलं बिस्किट उचलून ते वरच्या ओठावर टेकवायचे आणि डोळे मिटून दोन श्वास थांबायचे. मी बोटांनी चाचपायला गेलो तेव्हा त्यांनी माझा हात बाजूला केला. म्हणाले, छोटोबाबू, या खोलीत तुमच्या बोटांनाच ताप आलेला असतो, ती काय दुसऱ्याचा ताप सांगणार? आणि परीक्षेतही तुम्हाला याच बोटांनी दगा दिला ना. बाबा तिथले सुपरवायझर, त्यामुळे साहेबांचा मुलगा म्हणून कोणी माझी चेष्टा करत नसे, हरेनदा करायचे, आणि मला ते बरं वाटायचं.

प्रत्येक गाडीला एक छोटी काळी पाटी लटकवलेली असे. गाडी खोलीत आली की हरेनदा तिच्यावर खडूने एका रेषेत मासा काढत. मासा आंधळा असेपर्यंत गाडी हलायची नाही. बिस्किटं पोटातून निवली, ओठाची खात्री झाली, की माशाला डोळा. एक ठिपका. तो दिसल्याशिवाय ढकलणारे गाडीला हात लावत नसत. दुर्गेच्या मूर्तीला शेवटी डोळे रंगवतात त्याला इथे चक्षुदान म्हणतात; हरेनदाही ठिपका देताना तोच शब्द वापरायचे, आणि ढकलणाऱ्यांना हाक मारायचे, या रे, देवी जागी झाली. महिन्याभराने त्यांनी मला मासे काढू दिले. डोळा नाही. डोळा मी सुद्धा तीन वर्षांनी घालायला लागलो, असं ते म्हणाले.

मी आजही बिस्किट खाण्याआधी ओठाला लावतो. सेक्टर फाइव्हमधल्या आमच्या ऑफिसात चहाबरोबर जी बिस्किटं येतात ती कधीच कुठेतरी थंड होऊन, पॅक होऊन आलेली असतात. शेजारी बसणारी मुलगी एकदा हसली. तिला वाटलं, मी वास घेतोय.

हरेनदा अकरा वर्षं बदली कामगार होते. काम रोजचं, पण नाव कायम यादीत नाही. उद्या येऊ नको म्हटलं की संपलं. त्या वर्षी दुर्गापूजेच्या आधी चार जणांना कायम करणार होते आणि त्यात त्यांचं नाव आहे, हे बाबांनीच त्यांना सांगितलं होतं. हरेनदांनी ते बायकोला सांगितलं, बायकोने बजबजच्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना. मग हरेनदा हसून म्हणायचे, आता ती मला जेवताना दोनदा वाढते, अजून कायम व्हायचोय, झालो तर काय करेल? ते हे रोज कोणाला ना कोणाला सांगत. मीच पाच-सहा वेळा ऐकलं असेल.

त्या वर्षीची गणेशचतुर्थी कामाच्या दिवशी आली. हे कलकत्त्याबाहेरच्यांना सांगावं लागतं. इथे तेव्हा त्या दिवसाला काही किंमत नव्हती. सगळं शहर दुर्गेकडे डोळे लावून बसलेलं, पूजेच्या मालासाठी कारखान्यात सगळ्यांच्या रजा बंद, आणि आम्ही पाच-पन्नास मराठी घरं आपापल्या खोल्यांत गणपती मांडणार. मूर्ती कुमारटुलीहून, म्हणजे मूर्तिकारांच्या वस्तीतून, सांगून करून घ्यायची. कारागीर इतकी वर्षं करत होता तरी गणपतीचे डोळे लांबट, पाणीदार, बंगालीच काढायचा. आई म्हणायची, हा आपला बाप्पा नव्हे, कुणाचा तरी जावई आलाय. आणि पूजा सांगायला गुरुजी एकच. ते बँकेत नोकरी करायचे, अर्ध्या दिवसाची रजा टाकून बसने घरं गाठायचे, आणि मुहूर्त बिहूर्त बाजूला ठेवून ज्याला जी वेळ दिली ती त्याची. आमची वेळ चारची होती. आदल्या वर्षी बाबा कारखान्यात अडकले, गुरुजी दहा मिनिटं थांबून निघून गेले, आणि बाबांनी पुस्तकात बघून अडखळत पूजा केली. उकडीचे मोदक आईने पानात वाढले तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. यंदा चार म्हणजे चार, असं तिने सकाळी डबा देताना सांगितलं. आवाज चढवून नाही. म्हणूनच आम्ही दोघं दिवसभर घड्याळाकडे पाहत होतो.

शेवटचा डबा सीलबंद झाल्याशिवाय बाबांना निघता येत नव्हतं. दीड वाजता भट्टीतून शेवटच्या आठ गाड्या आल्या. मी आठ मासे काढले. हरेनदांनी एकेका गाडीतलं बिस्किट ओठाला लावलं आणि म्हणाले, "पेट गरम आछे." साडेतीनच्या आत या हलायच्या नाहीत, पुढे भरायला तास, म्हणजे साडेचार. तेवढ्यात बाबा दारात आले. त्यांनी आत पाऊल टाकलं नाही. गाड्यांकडे पाहिलं, मनगटाकडे पाहिलं, आणि मला मराठीत म्हणाले, "हलव त्या आता. गुरुजी चारला येतायत." आणि गेले.

कारखान्यात मराठी कळणारे आम्ही दोघंच. हरेनदांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "की बोललेन साहेब?" साहेब काय म्हणाले?

मी म्हणालो, "किछु ना. बाडीर कथा." काही नाही, घरचं बोलणं.

असं का म्हणालो, याची मी पुढे पुष्कळ कारणं शोधली. हरेनदांशी वाद नको होता. ते बाबांकडे जाऊन नाही म्हणाले असते, बाबांना सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं असतं आणि वेळही गेला असता. पण खरं सांगायचं तर मी कसलाच विचार केला नाही. ते वाक्य आपोआप आलं, कारण त्या कारखान्यात बाबा माझ्याशी मराठीत जे बोलत ते बहुतेक घरचंच असे. हरेनदांनी मान हलवली. डबा घेतला. या आठांकडे लक्ष ठेवा, मी भात खाऊन येतो, असं सांगून ते जेवायला गेले.

खोलीत मी आणि आठ आंधळे मासे. खडू खिडकीच्या कठड्यावर होता. आठ ठिपके द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला. मी ओठाला एकही बिस्किट लावलं नाही. मग ढकलणाऱ्यांना हाक मारली. देवी जागी झाली हे म्हणायचं माझ्या जिभेवर आलं होतं, ते तेवढं मी म्हणालो नाही.

हरेनदा परतले तेव्हा खोली रिकामी होती. त्यांनी गाड्या कुठे आहेत ते विचारलं नाही. भरायच्या टेबलांपाशी गेले. बाबा तिथे उभे होते, झाकणं लागत होती. हरेनदा तिथूनच मागे फिरले आणि येऊन रिकामी खोली झाडू लागले. बदली कामगार सीलबंद होत असलेला डबा साहेबांसमोर उघडत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

आम्ही पावणेचारला घरी पोचलो. बाबांनी हातपाय धुतले आणि ते सोवळं नेसले. आईने मोदकपात्रावर ओलं फडकं टाकलं होतं, ती दर थोड्या वेळाने ते भिजवून पुन्हा टाकत होती. चार वाजले. साडेचार वाजले. बाबा पाटावर बसून राहिले, बंगाली डोळ्यांचा गणपती त्यांच्याकडे पाहत राहिला. गुरुजी आले तेव्हा साडेपाच झाले होते. त्यांची बस कुठेतरी मिरवणुकीत अडकली होती, कसली मिरवणूक ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पूजा छान झाली. आई त्या दिवशी हसत होती. मोदक तेवढे जरा थंड झाले होते.

पंधरा दिवसांनी डबे परत आले. झाकणाच्या आत पाण्याचे डाग, वरच्या थराला ओलसर वास, आणि बिस्किट उचललं की हातात दोन तुकडे. मॅनेजरच्या खोलीत चौकशी झाली. मॅनेजर समोर, बाबा बाजूच्या खुर्चीत, हरेनदा आणि मी उभे. ढकलणाऱ्यांनी सांगितलं होतं की डोळे होते, म्हणून ढकलल्या. हरेनदा म्हणाले, डोळे मी घातले नाहीत. मग कोणी घातले, असं मॅनेजरने विचारलं. हरेनदांनी माझ्याकडे पाहिलं. माझं नाव घेतलं नाही. त्यांना साहेबांच्या मुलाचं नाव घेण्याची भीती होती, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. आता मला वाटतं, ते मला बोलायला जागा करून देत होते. बराच वेळ त्यांनी ती जागा मोकळी ठेवली. मग एवढंच म्हणाले, साहेब दुपारी दारात येऊन मुलाला काही सांगून गेले होते, त्यांच्या भाषेत. त्यात गुरुजी होते आणि चार होतं.

मॅनेजरने मला विचारलं, काय सांगितलं होतं?

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते स्वतःच्या गुडघ्याकडे पाहत होते, पँटवर पिठाचा पांढरा डाग होता तिकडे. मी म्हणालो, घरचं बोलणं होतं. आमच्याकडे चारला पूजा होती, गुरुजी येणार होते. मॅनेजरने हरेनदांना विचारलं, हेच ऐकलंस ना? हरेनदा म्हणाले, हो, छोटोबाबूंनी मला तेव्हाही असंच सांगितलं होतं.

माझं खोटं माझ्याच बाजूने साक्षीला उभं राहिलं. त्याला दुजोरा दिला तो हरेनदांनी, कारण ते खोटं बोलत नव्हते. डोळ्यांची जबाबदारी त्यांची ठरली आणि कायमच्या यादीत त्यांच्या नावाच्या जागी दुसरं नाव आलं. त्यांना निवायच्या खोलीतून काढून मैद्याच्या गोदामात पोती उचलायला पाठवलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात ते यायचे बंद झाले. त्या चौकशीनंतर बाबा कारखान्यात माझ्याशी कधी मराठीत बोलले नाहीत. जेवायला चल हेसुद्धा इंग्रजीत सांगायचे. घरी आम्ही त्या दिवसाविषयी बोललो नाही. शनिवारचा पुडा येत राहिला, आई लाडू वळत राहिली, मी सहा महिन्यांनी परीक्षेला बसलो आणि कारखाना सोडला. आणि आता हे सगळं मी लिहितोय तेही मराठीत. हरेनदांना यातलं एक अक्षर वाचता येणार नाही. म्हणजे हेही घरचंच बोलणं झालं.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. शेवटच्या महिन्यात ते अंथरुणावर होते, मी ऑफिसातून आलो की त्यांना चमच्याने पेज भरवायचो. पेज गरम असली की ते तोंड फिरवायचे. एकदा मी चमचा आधी माझ्या ओठाला लावून पाहिला. ते पाहत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते त्या दिवसाविषयी बोलले. म्हणाले, "मी तुला हलव म्हणालो होतो. डोळे घाल म्हणालो नव्हतो." त्यात आरोप नव्हता. बहुधा ते स्वतःचा वाटा मोजून बाजूला काढत होते, आणि उरलेला माझा मला परत देत होते. मी पेज भरवत राहिलो.

बाबांचे दिवस झाल्यावर मी बजबजला गेलो. बालीगंजहून लोकल, मग रिक्षा, मग चटकलीच्या, म्हणजे तागाच्या गिरणीच्या, भिंतीमागच्या गल्लीत विचारत विचारत. हरेनदा दारात वेताच्या मोड्यावर बसले होते. सत्तरीचे, पाठीत वाकलेले, डोक्यावर एकही काळा केस नाही. मी नाव सांगण्याआधीच म्हणाले, छोटोबाबू, केस कुठे विसरून आलात? मग आत ओरडून सुनेला चहा ठेवायला सांगितलं. त्यांनी आईची चौकशी केली, बाबा गेल्याचं ऐकून कपाळाला हात लावला. पुढे काही वर्षं त्यांनी घाटावर माल उतरवला, मग पाठ गेली, मुलगा तेलाच्या डेपोत लागला, आता बरं आहे. हे सगळं त्यांनी कोणा शेजाऱ्याविषयी सांगावं तसं सांगितलं. चहा आला, बशीत दोन बिस्किटं आली. मी घरून सगळं बोलणं पाठ करून आणलं होतं, आणि चहा फुंकत बसलो.

शेवटी तेच म्हणाले, "एक विचारू? साहेब त्या दिवशी दारात काय म्हणाले होते? गुरुजी आणि चार मला कळलं होतं. त्याच्या आधी काही होतं. इथे मराठी कळणारं कोणी नाही, विचारणार कोणाला."

मी सांगितलं. "हलव त्या आता." मग बंगालीत अर्थ सांगितला. मग सांगितलं की डोळे मी घातले, आठही. ओठाला लावून न पाहता. तुम्ही जेवायला गेला होतात.

ते म्हणाले, "डोळ्यांचं मला ठाऊक होतं. तुमचा ठिपका मोठा असतो. पाट्या पुसायला माझ्याकडेच यायच्या."

 चटकलीचा भोंगा वाजला आणि थांबला. मला वाटलं, आता ते रागावतील, आणि मी त्यासाठीच आलो होतो. पण ते कसला तरी हिशोब जुळवल्यासारखे पुढे झुकले आणि विचारलं, "पूजा तरी वेळेवर झाली?"

मी हो म्हणू शकलो असतो. त्यांना तेवढंच हवं होतं असं वाटलं, की जे गेलं ते कुठेतरी कोणाच्या तरी उपयोगी पडलं. पण आणखी एक खोटं त्या दारात मला उचलवेना. मी म्हणालो, "नाही. गुरुजी साडेपाचला आले."

हरेनदांनी बशीतलं एक बिस्किट उचललं, सवयीने वरच्या ओठाला लावलं, डोळे मिटले. मांडीवरच्या दुसऱ्या हाताच्या बोटांवर ते तास मोजत होते. साडेतीन. भरायला एक तास. भवानीपूरपर्यंत एक तास. साडेपाच.

"मग निवल्या असत्या की," ते म्हणाले, आणि बिस्किट माझ्या हातात दिलं.